बर्फाचा कप्पा

मनकर्णाबाईंनी बोटाला पदर गुंडाळला आणि बर्फाच्या कप्प्यातला डबा दाबून पाहिला. डब्यात मटण होतं. गळ्यात तुळशीची माळ आणि फ्रिजमध्ये शेजारणीचं मटण! पण शेजारीण त्या निमित्तानं दिवसातून दोनदा घरात येत असेल, तर देवही थोडी डोळेझाक करतो, असं त्यांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं.

"घट्ट आहे का, मावशी?" गोपिकानं दारातूनच विचारलं. तिचा भाऊ रविवारी यायचा तो बुधवारवर गेला होता. त्याच्यासाठीचं ते मटण.

"आहे, पण कडेनं पाझरून राहिलं. तूच ये वं, पाहून घे."

सकाळपासून इतवारीतली त्यांची अख्खी गल्ली विजेविना होती. मे महिना, वर नागपूरचं ऊन. गल्लीत फ्रिज हा एवढा एकच. मस्कतला नोकरीला गेलेल्या शालिकरामनं सुटीत येऊन आईला घेऊन दिलेला. "आता तुले काही कमी नाही, माय," असं म्हणून तो जो गेला, तो पुन्हा आला नव्हता.

लाईन गेली की ज्याला त्याला आपापल्या वस्तूची काळजी. सिंधूताई जावयासाठी ठेवलेल्या आमरसाचा वास घेऊन गेल्या, थोड्या वेळानं परत आल्या आणि मग बसल्याच.

"घडी घडी उघडू नका वं, थंडाई निघून जाते," असं बजावत त्यांनीच दार चारदा उघडलं.

कुणाच्या सुनेचा विषय निघाला, कुणाच्या गुडघ्याचा. मनकर्णाबाईंनी दोनदा चहा मांडला. घर असं भरलेलं त्यांनी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. मटण, आमरस सगळं टिकावं, पण लाईन काही इतक्यात येऊ नये, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं.

दुपार कलताना पंखा गरगरला. "आली वं!" म्हणत बाया उठल्या. सिंधूताईंच्या कपात चहा तसाच राहिला. त्या संध्याकाळी कुणीच फिरकलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मनकर्णाबाई स्टुलावर चढल्या आणि मीटरखालचा फ्यूज त्यांनी ओढून काढला. उतरताना पाय लटपटले. पंखा मंदावला, फ्रिजची घरघर थांबली. फ्यूज कमरेला खोचून त्यांनी भिंतीपलीकडे हाक मारली.

"गोपिका, लाईन गेली वं! डबा पाहून घे!"

गोपिका कणकेचे हात तसेच घेऊन आली. मनगटानंच तिनं डबा दाबला. "घट्ट आहे. कधी गेली?"

"आत्ताच."

समोर विजेवरची पिठाची चक्की भकभक चालली होती. मनकर्णाबाईंना ती तेव्हा कुठे ऐकू आली. गोपिकालाही आली असावी. तिनं खिडकीकडे पाहिलं, मग वर मीटरकडे, मग मावशींच्या फुगलेल्या कमरेकडे. मनकर्णाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता ही गल्लीभर सांगणार. मग आपल्याकडे वस्तू ठेवणार कोण आणि येणार तरी कोण?

गोपिकानं पदराला हात पुसून डबा बाहेर काढला.

"मटन घेऊन जातो, मावशी. आजच शिजवून टाकतो. भावासाठी उद्या ताजं आणता येईल."

"घेऊन जाय, बाई." मनकर्णाबाईंनी कमरेचा फ्यूज चाचपला. "खराब झालं असतं तर... मले कसं सुचलं असं, काय माहीत."

ती गेली. मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसल्या. उकाड्यानं जीव नकोसा झाला होता, पण उठून फ्यूज लावावासा वाटेना. लावून तरी कुणासाठी लावायचा?

दाराची कडी वाजली. गोपिका परत आली होती. हातात पितळेची वाटी, काठोकाठ भरलेली. न सांडता ती हळूहळू चालत आली आणि तिनं वाटी रिकाम्या कप्प्यात ठेवली.

"काय आहे वं त्यात?"

"पाणी."

"पाणी? काहून?"

"बर्फ झाला का पाहाले सकाळी येतो मी." गोपिकानं फ्रिजचं दार नीट लावलं. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढून मीटरखाली आणलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "चढा, मावशी. मी धरतो."