मीटरला आलेला ताप

आक्काचा हात आठवतो तो उपडाच. तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावी तशी हाताची पालथी बाजू ती ओसरीवरच्या विजेच्या मीटरला टेकवी, डोळे मिटून क्षणभर थांबे, आणि तिच्या सावळ्या चेहऱ्यावरून एक सावली सरकून जाई. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तिचं तरुणपण गेलं. त्या तिखट धुळीने नाक कायमचं बधिर केलेलं. जळका वास तिला कळत नसे. स्पर्शावरच सारा भरवसा.

वैशाख होता. बेळगावहून मी कडोलीला, माझ्या या थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. आत कॉटवर दाजी, तिचे यजमान, पडून होते. बेळगावच्या उद्यमबागेत, लोखंड ओतायच्या फौंड्रीत उमेदीची वर्षं घालवून त्यांची फुफ्फुसं थकली होती. उशाशी हवेतून प्राणवायू गाळून देणारं यंत्र अखंड घरघरत असे. घरातला दिवा मध्येच मलूल होई, पुन्हा उजळे, आणि त्या प्रत्येक मलूल क्षणी ती घरघर किंचित अडखळे. ओसरीवर पाऊल ठेवताच मला जळक्या प्लास्टिकचा दर्प आला.

मी गावातल्या वायरमनला बोलावलं. तो मीटरपाशी कान देऊन उभा राहिला. आत बारीक चरचर होती, ओल्या लाकडाला विस्तव लागावा तशी. त्याने समजावून सांगितलं, की खांबावरून आलेली तार मीटरच्या तळाशी पितळेच्या खोबणीत शिरते आणि स्क्रू तिला आवळून धरतो. तो ढिला पडला की वीज अडखळत जाते, आणि अडखळते तिथेच तापते. मीटरचं सील वीज खात्याचं, म्हणून खात्याचाच माणूस ते उघडणार. त्याने खात्याला फोन लावला; तोवर घरातलं सगळं बंद ठेवा, म्हणाला.

सगळं म्हणजे यंत्रही. आक्काने एकदा यंत्राकडे पाहिलं, मग दाजींकडे. समोरच्या घरी यंत्र लावता येणार होतं. शेजाऱ्यांनी खोली मोकळीही केली. पण दाजी हलेनात. थांबत थांबत म्हणाले, "मरायचं तर हितंच, माझ्या घरात."

आक्का त्यांच्या पायाशी बसली. तिचा आवाज चढला नाही.

"मराल तवा हितंच मरा. आज न्हाय."

आम्ही त्यांना कॉटसकट उचललं. अंगण ओलांडेतो त्यांचे ओठ निळे पडत गेले, आणि त्या पांढऱ्या, निर्दय उन्हात आक्का कॉटची कड धरून "आलं, आलं" एवढंच म्हणत राहिली. पलीकडे यंत्र लागलं. त्यांची छाती हळूहळू शांत झाली.

उन्हं कलताना खात्याचा माणूस आला. खांबावरची वीज तोडून त्याने झाकण काढलं. एक खोबण कोळशासारखी काळी, भोवतालचं प्लास्टिक मेणागत ओघळलेलं. त्याने नुसतं बोट लावलं, तर तार गळून हातात आली. तो कानडीत काहीतरी पुटपुटला. मी आक्काला विचारलं.

"आजची सांज निघाली नसती, घर पेटलं असतं, म्हणतोय," ती म्हणाली, आणि कितीतरी वेळ त्या काळ्या खोबणीकडे पाहत राहिली.

नवा मीटर बसला, दाजी घरी परतले. आषाढ-श्रावण खिडकीशी बसून त्यांनी रताळ्याच्या वेलांवर पडणारा पाऊस पाहिला. आक्का त्यांना बशीत ओतून चहा पाजी. दसऱ्याआधी, आपल्याच घरात, ते गेले.

त्या दुपारी आक्काने काळाकडून हिसकावून घेतला तो एक पावसाळा. संसाराची बाकी सारी वर्षं आता तिच्या आठवणीत एकमेकांत मिसळून धूसर होत चालली आहेत. तेवढे पावसाचे दिवस मात्र, माणूस निघून गेल्यावरही, तिच्यापाशी मागे राहिले आहेत.