एक दशांश सेकंद

आमच्या घरात एक खोली अशी आहे, जिथे पाहुण्यांना पाय पसरायला जागा नाही, पण खेळण्यातल्या गाड्यांना पळायला रस्ता आहे. आमच्या ह्यांनी स्वतःच्या हातांनी केलेला. प्लायवूडच्या मोठ्या फळीत वळणावळणाची खाच, खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याची पट्टी. गाडीच्या पोटाखालची खुंटी खाचेत बसवायची आणि हातातलं बटण दाबायचं, की गाडी सुसाट. वळणावर बोट सैल सोडलं नाही तर गाडी उडून थेट कपाटाखाली. लग्न झाल्यावर मी या पसाऱ्यावरून पुष्कळ बडबड केली. कोण ऐकतंय!

हे क्रेन चालवायचे. मग पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात गेला. हळूहळू थोडा परत आला. बोटांना व्यायाम हवा म्हणून हे रोज संध्याकाळी गाडी पळवायला बसू लागले. क्रेनचं कामही तेच, म्हणायचे, बोटानं दाबायचं आणि नेमक्या वेळी सोडायचं. कंपनीनं सोमवारी चाचणीला बोलावलं होतं. ह्यांनी स्वतःच एक अट घालून घेतली होती. आजारपणाआधी फेरा सहा सेकंदांत व्हायचा. आता तो सातात बसला तरच चाचणीला जायचं, नाहीतर नाही.

वेळ मोजायला सासरे. ते जन्मभर तलावावर मुलांना पोहायला शिकवत होते. शिट्टी आणि स्टॉपवॉच गळ्यात घेऊनच जन्मले असावेत. मुलं त्यांना मागून घड्याळमास्तर म्हणायची. एक दशांश सेकंदसुद्धा कुणाला माफ नाही. पोटच्या मुलालासुद्धा नाही. शाळेत असताना हे एका दशांशानं मोठ्या शर्यतीतून बाहेर राहिले होते. निवड करणारे होते सासरेच. हे ती गोष्ट हसत सांगायचे, पण सांगायचे प्रत्येक वेळी.

आता सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तरी कानांनी आणि सवयीनं मोजायचे. आणि वेळ दर आठवड्याला सुधारत चालली होती. मी मात्र बघत होते की शर्टाचं वरचं बटण अजून मलाच लावावं लागतं.

ह्यांच्याही मनात कुठेतरी शंकेची पाल चुकचुकली असावी. एके दिवशी मला म्हणाले, बाबांचा अंगठा म्हातारा झालाय, तू फेरा मोजणारं यंत्रच बसवून दे. मी लिफ्टच्या कारखान्यात वायरिंग करते, मला काय अवघड? खाचेत उजेड ओळखणारा एक डोळा बसवायचा, त्याच्यावर छोटासा पूल, पुलाला दिवा. गाडी खालून निघाली की उजेड अडतो आणि घड्याळ सुरू होतं. फेरा मारून परत आली की पुन्हा अडतो, घड्याळ थांबतं आणि पिक् वाजतं.

मी भाजी चिरत होते तेव्हा सासरे स्वयंपाकघरात आले. ओट्याला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "पोरी, ते यंत्र नको बसवूस."

मी सुरी खाली ठेवली. त्यांचा चेहरा बघून मला सगळं कळलं, आणि आधी आला तो रागच.

"किती सेकंद कमी सांगता तुम्ही?"

"त्याला उमेद हवी," ते म्हणाले. "उमेदीनं हात सुधारतो."

"बाबा, क्रेनला ओझं लटकलेलं असतं. खाली माणसं उभी असतात."

ते भिंतीला हात लावत परत गेले. मला त्यांची दया आली, पण मी यंत्र बसवलं. दोन सुट्ट्या त्यात गेल्या, पाठ मोडली. डोळा कसा चालतो ते सासऱ्यांनी खोदून खोदून विचारलं. गाडीऐवजी दुसरं काही आडवं आलं तर? मी म्हटलं, त्याला काय कळतंय, उजेड अडला म्हणजे गाडी आली. मला वाटलं, म्हाताऱ्यानं मनाची समजूत घातली.

शनिवारी दुपारी आम्ही तिघं जमलो. सासऱ्यांनी खुर्ची पुलाला अगदी चिकटून मागितली. दिसत नाही, निदान ऐकू तरी येऊ दे, म्हणाले. हात फळीच्या कडेवर ठेवून बसले.

पहिला फेरा. पिक्. मी आकडा वाचला, सातच्या जरासा वर. दुसरा सातच्या आत. ह्यांचा चेहरा असा उजळला की झटका आल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. "बघ," मला म्हणाले, "बाबा बरोबर होते." मीही क्षणभर विरघळले. वाटलं, मीच मेली संशयी.

पण तिसऱ्या फेऱ्याला पिक् आधी वाजलं आणि गाडी मागून आली. माझ्या हातचं काम असं कसं निघेल? कुठेतरी तार सैल असणार म्हणून मी फळीखाली शिरले. ह्यांनी चौथा फेरा सुरू केला. डोक्यावर गाडीची घरघर ऐकू येत होती. लांबच्या वळणापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. ह्यांचं बोट बटणावरून निसटलं होतं. खोलीत अगदी शांत झालं.

आणि त्या शांततेत पिक् वाजलं.

मी बाहेर आले. सासऱ्यांचा अंगठा पुलाखाली होता. ओठ हलत होते, अजून सेकंद मोजत होते. गाडी थांबलेली त्यांना दिसलीच नव्हती. घरघर थांबलेली कळली कशी नाही, देव जाणे. मोजण्याच्या नादात असतील.

हे त्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "बाबा, गाडी अजून तिकडेच आहे."

सासऱ्यांनी हात ओढून घेतला. मला वाटलं आता हे भडकणार, बटण फेकणार. तसं झालं नाही. ह्यांनी मला गाडी आणून सुरुवातीला ठेवायला सांगितली. सासऱ्यांना म्हणाले, गळ्यातलं घड्याळ घ्या, एकदा तलावावर मोजायचात तसं मोजा.

गाडी निघाली. मला तो फेरा बघवेना. वळणावळणाला अडखळत होती. शेवटी पुलाखालून गेली. सासऱ्यांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, मग माझ्यापुढे धरलं.

"दिसत नाही मला," म्हणाले, "पण नऊ असतील."

घड्याळात नऊ होते. यंत्रातही नऊ. मी मान हलवली आणि मला रडू आवरेना.

ह्यांनी बटण खाली ठेवलं, उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर घेतला. सोमवारी येत नाही म्हणून कंपनीत कळव, मला म्हणाले. मग वडिलांकडे वळले.

"तलावावर मला एक दशांशसुद्धा दिला नव्हतात."

सासरे स्टॉपवॉचची दोरी गळ्यातून काढत होते. ती कानाला अडकली होती, मी सोडवली.

"तेव्हा तुला पुढची शर्यत होती रे," ते म्हणाले.