तळहात लाल का झाला?

दवनीवाड्याच्या तलावाच्या पाळीवर मंडप उभारला होता आणि आत पाय ठेवायला जागा नव्हती. धानाची पोती, बकऱ्या, चांदीची जोडवी, कुणाचं शिवणयंत्र, ज्याच्याकडे जे होतं ते दानीबाबा नावाच्या साधूपुढे येऊन पडत होतं.

"दान ही पूजा है भाई!" बाबा गरजत. "पर रोते-रोते दोगे तो भगवान नहीं लेगा. मन खोटं बोलेल, हात नाही बोलणार!"

देणाऱ्याच्या तळहाताला हळद फासायची. मग बाबांचा चेला गोवर्धन त्यावर लोट्यातलं गंगाजल ओतायचा. हात पिवळाच राहिला तर देवानं दान घेतलं. रक्तासारखा लाल झाला तर मनात लोभ आहे, पुन्हा द्या. नवल एवढंच, की ज्याच्या घरी अजून काही शिल्लक असे, त्याचाच हात लाल होई.

शकुंतलाबाईचा दोनदा झाला होता. आधी तिनं बकरी दिली, मग जोडवी. तिची एकुलती लेक रेणू सहावीत होती. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता, आणि या खेपेला अंगदुखी उतरतच नव्हती. रक्त चढवावं लागेल, गोंदियाला न्या, खर्च येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. रेणूच्या शिक्षिका चेतना मॅडम घरी आल्या.

"गाडी बोलावते. आत्ताच चला."

"थांबा ना मॅडम. माहं मनच खोटं हाय. आज म्हैस देऊन राहिली. हसत देईन, मंग पोरगी बरी होते."

मॅडमनी परोपरीनं विनवलं. ती ऐकेना.

मंडपात तिनं खरंच हसत म्हशीचं दावं पुढे केलं. पण म्हैस मागे वळून हंबरली आणि बाईचे डोळे भरून आले. गोवर्धननं पाणी ओतलं. हात लाल.

"देखो, आँसू! अजून लोभ हाय!" बाबा ओरडले.

त्याच संध्याकाळी रेणूला धाप लागली. रुग्णवाहिका वाटेत असतानाच ती गेली.

मॅडम भेटायला गेल्या तेव्हा शकुंतलाबाई भिंतीला टेकून एकच सांगत होती, "मी रडली म्हणून मेली. माह्या डोळ्यानं माही पोर खाल्ली."

ते ऐकून मॅडम तडक मंडपात गेल्या आणि बराच वेळ नुसत्या पाहत बसल्या. लोटे दोन होते. लाल रंग एकाच लोट्यातून येत होता. मग त्या उठल्या.

"बाबा, आज तुमचं मन पाहू."

लोक हसले, "हो, पाहू द्या!" म्हणाले. बाबांनी ऐटीत हात पुढे केला. मॅडमनी हळद फासली. गोवर्धन एका लोट्याकडे वळला, तोच त्यांनी दुसरा उचलून ओतला.

बाबांचा तळहात लाल झाला.

"ये माया है! माया!"

"पाय मुरगळला की घरी काय लावता?" मॅडमनी बायकांना विचारलं.

"हळद अन् चुना."

"रंग कोणता येतो?"

बायकांनी बाबांच्या लाल तळहाताकडे पाहिलं. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"यात चुन्याची निवळी आहे. चुना तळाशी बसला की वरचं पाणी स्वच्छ दिसतं. दुसऱ्यात साधं पाणी. कुणाला कोणतं ओतायचं, ते हे दोघं ठरवतात."

माणसं बाबांच्या अंगावर धावली. मॅडमनी त्यांना अडवलं आणि पोलिसांना बोलावलं. म्हैस मात्र केव्हाच विकली गेली होती.

शकुंतलाबाईला हे सांगायला मॅडमच गेल्या. तिनं आपला तळहात उलटसुलट करून पाहिला.

"मंग देवानं माहं दान काऊन नाही घेतलं?"

"देवापर्यंत ते पोचलंच नाही, बाई."

"अन् मी रडली ते?"

"रडण्यानं कुणी मरत नाही. रेणूला रक्त हवं होतं. ते वेळेवर मिळालं नाही."

"म्हणजे वाचली असती?"

मॅडमना खोटं बोलता आलं नाही. "बहुतेक," त्या म्हणाल्या.

आपल्या हातानं, आनंदानं देणं ही पूजाच आहे. ती करावी. पण तुमचं मन तपासण्याचा मक्ता घेऊन वस्तू स्वतःकडे ठेवणारा माणूस देवाचा नसतो. त्याला प्रश्न विचारा, सगळ्यांसमोर विचारा. आणि घरात लेकरू आजारी असेल, तर आधी त्याला दवाखान्यात न्या.