रविवारचं तापमान

बिस्किटांच्या बशीवर झाकण. समिती येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम.

विद्यार्थ्यांना दिलेल्या कागदावरचं वाक्य: "संशोधनातल्या नोंदींचा खरेपणा मी पारखू शकतो. स्वतःला एक ते पाच गुण द्या."

फ्रीझरच्या तापमानाची वही. शुक्रवार, उणे वीस. शनिवार, उणे वीस. रविवार, विभागाला कुलूप, तरी उणे वीस.

"वहिनी, तुम्ही आहात ना तिथे? मग वाचायचं काय त्यात!" असं म्हणत कारकून बाईंच्या धाकट्या दिरांनी संशोधनाला रक्त देण्याच्या संमतीपत्रावर सही ठोकली होती.

बावीस विद्यार्थी. एकवीस जणांचे गुण वाढले, एकीचे घटले.

त्या एकीचा कागद विभागप्रमुख सरांनी दोन बोटांत धरला होता, मेलेलं झुरळ मिशीला धरावं तसा. "रकानेबाई, हे काय आहे?"

विभागाच्या या कारकून बाईंना सगळे रकानेबाईच म्हणत. एकोणतीस वर्षांत त्यांनी एकही रकाना रिकामा सोडला नव्हता.

"प्रवेशाच्या वेळी तिने स्वतःला पाच दिले होते, सर. आता दोन."

"म्हणजे दोन वर्षं आमच्याकडे शिकून पोरगी बिनडोक झाली? समितीला काय हेच दाखवू?"

विद्यार्थ्यांची क्षमता मोजायची ही पद्धत सरांनी कुठल्याशा परिषदेतून आणली होती. जेवणाच्या सुट्टीत आणली असावी. विद्यार्थी स्वतःच स्वतःला गुण देणार, बाई ते टाइप करणार, सर त्यांचे वर जाणारे बाण काढणार. संमतीपत्र उलटं दिलं तरी ज्यांना कळलं नसतं, त्यांनी स्वतःला पाच-पाच देऊन टाकले होते.

"समजवा तिला. दोनाचे चार करून टाका म्हणावं," सर स्वतःच्याच विनोदावर हसले. "नाहीतर 'क्षमता अपुरी' असा शेरा मारतो. बसेल आणखी सहा महिने."

विद्यार्थिनी आली. बाईंनी पेन पुढे केलं. "चार लिही आणि मोकळी हो बाई. तुझं काय जातंय?"

"तेव्हा मला वाटायचं, वहीत आहे म्हणजे खरंच असणार. म्हणून पाच दिले. आता खोटं दिसतं, पण सिद्ध कसं करायचं ते येत नाही. मग दोनच ना?"

"कुठे दिसलं गं तुला खोटं?"

"रविवारी फ्रीझर कोण बघतं? खोलीची किल्ली एकच, तुमच्याकडे. अक्षरही तुमचंच आहे."

'तोंड सांभाळ' हे शब्द बाईंच्या ओठांवर आले आणि तिथेच वाळले. दर सोमवारी चहा पिता पिता त्या शनिवार-रविवार भरून टाकत. फ्रीझरमध्ये तीनशे बारा माणसांच्या रक्ताच्या नळ्या होत्या. एकशे सात नंबरची दिरांची.

"सरांना बोललीस?"

"बोलले. ते म्हणाले, निरीक्षणशक्तीत स्वतःला पाच दे."

बाईंना हसू आलं. त्या हसण्याची त्यांना किळसही आली.

"मागे राहशील सहा महिने. चालेल?"

"घरी बाबा ओरडतील," ती म्हणाली. "पण राहीन."

बाईंनी दोन टाइप केले. ती सहा महिने मागे राहिली.

त्याच दुपारी समिती आली. बिस्किटं खाल्ली, वर जाणारे बाण पाहून माना डोलावल्या. खाली गेलेला बाण कुणाचा हे विचारण्याचीही तसदी कुणी घेतली नाही. मग त्यांना फ्रीझरची खोली दाखवली. अध्यक्षांनी ओठांना चिकटलेला चुरा पुसला आणि वही चाळली.

"वा! एकही रकाना रिकामा नाही. शिकण्यासारखं आहे." आणि त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. "आजचाच तेवढा राहिलाय."

"भरा हो, बाई," सर दात काढत म्हणाले.

अध्यक्षांनी स्वतःचं पेन पुढे केलं. बाईंनी ते घेतलं, टोपण लावलं आणि त्यांना परत दिलं.

"आजचं तापमान मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "कालचंही नव्हतं."

फ्रीझरचा तापमापक चौदा महिन्यांपूर्वी बंद पडला होता. नव्यासाठीचा अर्ज बाईंनीच टाइप केला होता, आणि त्यावर सरांनी लिहिलं होतं, 'पुढच्या वर्षी बघू.'