इकबालचा सेहरा आणि रूपसिंगभाऊंची मोटार

आमच्या ह्यांना, म्हणजे पुसदच्या युनूस मिस्त्रींना, मोटार दुरुस्त करण्यापेक्षा ती सुरू झाल्यावर मिशीला पीळ देण्यात जास्त गोडी. आणि तीच मोटार पुन्हा बंद पडली, तर दोष पेट्रोलचा, रस्त्याचा, नाहीतर मालकाच्या नशिबाचा. ह्यांचा कधीच नाही. त्या दिवशी मात्र मी ठरवलं होतं, भांडायचं नाही. ढाणकीला माझ्या धाकट्या भावाचं, इकबालचं लग्न होतं.

आमच्याकडे नवरदेवाच्या डोक्याला फुलांचा सेहरा बांधायचा मान बहिणीच्या नवऱ्याचा. माझं माहेर ढाणकीच्या कापडवाल्यांचं. पोरगी मिस्त्रीला दिली म्हणून माझ्या लग्नात चाचांनी नाक मुरडलं होतं. त्यांचा स्वतःचा जावई मोठा दुकानदार, अत्तर लावून तयारच बसला असणार. दुपारच्या नमाजनंतर वरात निघायची. तोवर हे पोचले नाहीत तर सेहरा त्या जावयाच्या हाती जाणार, आणि मग मला माहेरात मान वर करून वावरता आलं नसतं.

सकाळची एसटी भरून गेली. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली होती, पण आमच्या वाटेची एसटी काही वाढली नव्हती. तेवढ्यात तांड्यावरचे रूपसिंगभाऊ आले. ते बैलांचे व्यापारी. कुण्या साहेबाची जुनी मोटार त्यांनी हौसेनं घेतली होती आणि बैलासारखीच पाळली होती. तिच्या पाठीवरून हात फिरवल्याशिवाय ते झोपत नसत.

"मिस्त्रीच्या साळ्याचं लगन, अन् मिस्त्री एसटीची वाट पाहून राह्यला? बसा, मी नेऊन सोडतो," ते म्हणाले. त्यांच्या बायको सुखीबाईसुद्धा आरशांचा घागरा घालून पुढे बसल्या. मी आमच्या लेकीला, सईदाला मांडीवर घेतलं आणि आम्ही निघालो.

पुसद मागे पडेपर्यंत मोटार झोकात चालली. मग चढ लागला आणि तिला कापरं भरलं. आधी दोन गचके, मग सगळं अंग थरथरायला लागलं. रूपसिंगभाऊंनी पाय दाबून धरला तरी जोर म्हणून येईना. चढाच्या मध्यावर तिनं मान टाकली.

"कार्बोरेटरमंदी कचरा आला," हे बाह्या सरसावत म्हणाले. खोललं, फुंकलं, पुसलं, बसवलं. मोटार सुरू! मिशीला पीळ.

दोन-तीन कोस गेलो असू, पुन्हा गचके. या वेळी दोष ठिणगी देणाऱ्या पॉइंटांचा निघाला. ते घासले, मोटार सुरू झाली, मिशीला पीळ. तिसऱ्यांदा प्लग काढून पुसले. पुन्हा सुरू, पुन्हा पीळ. ऊन डोक्यावर येत चाललं होतं आणि मी ओठ दाताखाली धरून बसले होते.

चौथ्यांदा ती बाभळींजवळ थांबली तेव्हा ह्यांनी पान्हा फेकला आणि रस्त्याच्या कडेला विडी पेटवली. "आता खोलाले काहीच नाही उरलं. सेहरा बांधू दे ज्याले बांधाचा त्याले."

मला रडूच फुटलं. रूपसिंगभाऊंना माझी दया आली असावी. त्यांनी मोटारीच्या पाठीवर थाप मारली, "चाल वो माय," म्हणाले आणि सहज स्टार्टर दाबला. मोटार शहाण्यासारखी सुरू झाली.

माझं रडू तिथेच थांबलं. "अजी, सईदाचे अब्बा, आता काय दुरुस्त केलं तुमी?"

"काही नाही."

"मंग सुरू कशी झाली?"

हे मोटारीकडे बघायला लागले.

"म्हंजे मघाही तुमी काहीच केलं नव्हतं. थांबली का बरी होते ते. तुमी फुकटच मिशा पिळून राह्यले!"

रूपसिंगभाऊ पोट धरून हसले. हे मात्र हसले नाहीत. हातातली विडी तशीच जळत राहिली. "थांबली का बरी होते..." ते पुटपुटले आणि एकदम उठले. "चाला भाऊ. अन् आता गचके खाल्ले का मले सांगा."

गचके यायला वेळ लागला नाही. मोटार थांबते न थांबते तोच हे मागे धावले आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं. आतून सूं करून केवढा तरी श्वास ओढल्याचा आवाज झाला. मलाही ऐकू आला.

"सापडलं!" हे ओरडले. झाकणाला एक बारीक भोक असतं म्हणे. पेट्रोल संपेल तशी त्यातून हवा आत जाते. भोक बुजलं की हवा जात नाही, आणि मग पेट्रोलही पुढे सरकत नाही. उभी राहिली की कुठूनतरी हळूहळू हवा शिरते आणि मोटार पुन्हा धावते.

भोकावर तपकिरी खपली धरली होती. ह्यांनी ती नखानं खरवडली, हुंगली आणि चक्क चाखली. "हे तं पुरण हाय!"

आम्ही सगळे सुखीबाईंकडे बघायला लागलो.

"काय पाह्यता?" त्या म्हणाल्या. "पोळ्याले बैलाइले घास भरवला. मंग ह्या मुक्या जनावरानं कोणाचं घोडं मारलं होतं? जेथून पेट्रोल पेते तेच तिचं तोंड ना? तूप लावून देला घास."

रूपसिंगभाऊ रस्त्यातच खाली बसले. हसून हसून त्यांचा फेटा सुटला. पोळ्यापासून मोटार तांडा ते पुसद एवढीच फिरली होती, म्हणून घास कोणाला नडला नव्हता. ह्यांनी बाभळीचा काटा तोडून भोक मोकळं केलं. त्यानंतर मोटारीनं एक गचका खाल्ला नाही. सुखीबाई बंजाऱ्यांच्या गोरबोलीत लग्नाची गाणी गात होत्या, सईदा टाळ्या वाजवत होती, आणि मी मात्र सारखी सूर्याकडे बघत होते.

ढाणकीला पोचलो तेव्हा नमाज होऊन गेली होती. दारात घोडा उभा होता. चाचांचा जावई सेहरा हातात घेऊन उभा, आणि इकबाल खाटेवर बोडक्या डोक्यानं हटून बसलेला. "दुलाभाई आल्याबिगर मी उठत नाही," एवढंच तो म्हणत होता. आमचे हे दिसल्याबरोबर बाजा सुरू झाला.

ह्यांनी साबणानं हात धुतले, जावयाकडून सेहरा घेतला आणि मला हाक मारली. भर बैठकीत! सेहरा माझ्या हातात ठेवला.

"औरतीनं सेहरा बांधाची ही कोणती रीत?" चाचा गरजले.

"मान तं माहा हाय ना चाचा? मी तिले देतो," हे म्हणाले. "मी सकाळपासून चुकीच्याच जागी हात घालून राह्यलो होतो. गाडी हिनं आणली."

लग्नापासून ह्या माणसाच्या तोंडून 'चूक' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला, तोही माझ्या सगळ्या माहेरासमोर. मला इतका आनंद झाला की हातातली फुलं दिसेनात. चाचांनी तोंड फिरवलं. फिरवू देत. इकबालनं माझ्यापुढे डोकं वाकवलं.

"आपा, लवकर कर," तो खालून म्हणाला. "नवरीकडं काजीसाहेब कवाचे बसले हायत."

मी पदरानं डोळे पुसले आणि सेहऱ्याच्या दोन घट्ट गाठी मारल्या.