एका कळशीचे दोन आवाज

आमच्या घरात सकाळी देवाच्या नावाआधी "बेसूर" हा शब्द कानी पडतो. माझे यजमान भगवंतराव गाणं आणि पेटी शिकवतात, पेट्या जुळवून देतात आणि उरलेल्या वेळात जगाचा सूर तपासतात. कुकरची शिट्टी, दारावरची भाजीवाली, समोरच्या नागराजच्या स्कूटरचा हॉर्न, त्यांच्या तावडीतून कुणी सुटत नाही. लग्न झालं त्या आठवड्यात मी तांदूळ निवडता निवडता गुणगुणत होते, तर म्हणाले, "भाग्या, तू नुसतं निवड." तेव्हापासून मी गाणं गच्चीवर नेलं. बेंगळूरच्या जयनगरातल्या आमच्या त्या छोट्या गच्चीवर मी कुंड्या मांडल्या, पिंपात माती भरली, आणि गेली कित्येक वर्षं मी तिथे मनसोक्त बेसूर गाते. टोमॅटोंनी कधी तक्रार केलेली नाही.

यंदा श्रावणात त्यांना सर्दी झाली, ताप आला. ताप दोन दिवसांत उतरला, पण पेटी बिघडली. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं.

त्यांची पेटी जोडसुराची. म्हणजे एक पट्टी दाबली की आत पितळेच्या दोन जिभा एकदम वाजतात. दोन्ही अगदी एकसारख्या जुळलेल्या असल्या की कानाला एकच भरदार सूर ऐकू येतो. जरा फरक पडला की एकाचे दोन होतात. "पावसाळी हवा," ते म्हणाले, "जिभा सरकल्यात." आणि पेटी उघडून, कानस घेऊन बसले. जीभ टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो, एवढं मलासुद्धा ऐकून ऐकून पाठ आहे. घासायचं, वाजवायचं, तोंड वाकडं करायचं, परत घासायचं. जेवायला हाक मारली तर म्हणायचे, "स्वल्प थांब गं." अख्खा आठवडा त्या घासण्यानं माझे दात आंबले. शेवटी म्हणाले, "आता जरा बरी झाली."

बरी? माझ्यासारख्या बाईच्या अंगावर काटा यावा असं ते वाजत होतं. पण ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांना बेसूर म्हटलं, त्याला बेसूर म्हणायला तोंड कुणाचं उघडणार? मी वर जाऊन दोडक्याला मांडव घातला.

शनिवारी श्वेता आली. ही नागपूरची मुलगी, मारतहळ्ळीला एका कंपनीत नोकरी करते. आठवडाभर कॉम्प्युटरपुढे बसते आणि शनिवारी दोन बस बदलून यांच्याकडे गाणं शिकायला, म्हणजे शिव्या खायला येते. त्या दिवशी तर यांनी तिला मारायचंच बाकी ठेवलं होतं. "सा लाव. सा! हा सा आहे का? कान कुठे ठेवून आलीस?" पोरगी डोळ्यांत पाणी आणून स्वयंपाकघरात आली.

"काकू," ती हळूच म्हणाली, "मी सुरात होती. मोबाईलवर चेक केलं ना मी. पेटीच कशीतरी वाजून राहिली. काकांना सांगायची हिंमत नाही झाली."

"मलाही नाही झाली," मी म्हटलं. तिच्या हातात चिवड्याची वाटी दिली आणि झाडांना पाणी घालायला वर गेले. भीती वाटली की मला काहीतरी ओतायला लागतं.

गच्चीवरच्या नळाखाली मी कळशी लावली. आमची जुनी तांब्याची कळशी, जड आहे, पण इथल्या प्लास्टिकच्या बिंदिगेतलं, म्हणजे घागरीतलं, पाणी मला झाडांना घालवत नाही. तेवढ्यात हे तणतणत वर आले.

"दोन दोन कळश्या कशाला लावल्यास? वाया जातंय पाणी."

"एकच तर आहे."

ते पुढे आले. एकच नळ होता, एकच कळशी होती. कळशी भरत येते तसा तिचा आवाज वर वर चढत जातो, तो चढत होता. यांनी उजव्या कानात बोट घातलं. काढलं. परत घातलं. मग डाव्या कानात घातलं. कळशी भरून वाहायला लागली तरी मी नळ बंद केला नाही. ते मागे सरून पिंपाच्या काठावर बसले.

"कळशीला कुठल्या आल्यात दोन जिभा," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला बघवेना. "भाग्या, पेटी चांगली होती. मी चांगली पेटी घासून ठेवली."

कानाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. तापानं उजव्या कानाच्या आतल्या नसेला इजा झाली होती, त्यामुळे एकच सूर डाव्या कानाला एक आणि उजव्याला दुसराच ऐकू येत होता. गोळ्या दिल्या. "परत येईल का?" यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, बऱ्याच जणांचं येतं, काहींचं नाही येत, दिवाळीपर्यंत वाट बघू. तोवर मोठ्या आवाजापासून लांब राहा, कानाला आराम द्या, बागकाम वगैरे करा.

डॉक्टरांचं काय गेलं सांगायला! बाग माझी होती.

यांनी शिकवणी बंद केली, पेटीला कुलूप घातलं आणि माझ्या गच्चीवर ठाण मांडलं. पहिल्या आठवड्यात तुळशीला इतकं पाणी पाजलं की ती कुजली. मिरचीची रोपं तण समजून उपटली. कुंड्या उंचीप्रमाणे ओळीनं लावल्या, सूर्य कुठून येतो याचा विचारच नाही. मी एक दिवस फावडं आपटून म्हटलं, "अहो, ही पेटी नव्हे, इथे प्रत्येकाची पट्टी वेगळी!" एरवी यांनी मला चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी नुसतं कन्नडातलं "सरी", म्हणजे "बरं", म्हणाले आणि खाली बघत राहिले. भांडायला उठणारा नवरा "सरी" म्हणून गप्प बसला की बायकोनं काय करावं? मी कधी घाबरले नव्हते एवढी घाबरले. मी त्यांना अवऱ्याचं, म्हणजे इथल्या पावट्याचं, बी दिलं. आनेकलच्या बाजारातून आणलं होतं, तिथल्या शेंगेला वास भारी. म्हटलं, हे तुमचं. लावा, वाढवा, मी हात लावणार नाही.

गणपतीत आरतीला शेजारपाजारचे जमले. झांजा सुरू झाल्या तसे हे ताम्हण माझ्या हातात देऊन वर निघून गेले. आरती संपल्यावर मी प्रसाद घेऊन गेले, तर अवऱ्याच्या दोन पानी रोपांसमोर बसलेले. "आरतीसुद्धा एकाच्या जागी दोन दोन माणसं म्हणतायत असं वाटतं," ते म्हणाले. "हे असंच राहिलं तर मी कोण गं? नुसता एक म्हातारा." मला रडू आलं. मी ते दाबलं नाही. त्यांनी मोदकाचा अर्धा तुकडा मला दिला, आणि आम्ही दोघं तिथेच बसलो.

दुसऱ्या दिवसापासून एक नेमच झाला. सकाळी मी नळाखाली कळशी लावायची आणि ते डोळे मिटून समोर उभे राहायचे. भरत आली की मी विचारायची, "किती?"

"दोन."

मग मी पाणी घालायला लागायची. सप्टेंबर गेला, यांचा अवरा दोऱ्यावर चढला. "किती?" "दोन." मांडवाला दोडके लोंबायला लागले, नागराजच्या बायकोला टोपलीभर दिले. "किती?" "दोन." नागराजनं एकदा कन्नडात विचारलं, "अक्का, सर पेटी वाजवत नाहीत हल्ली, बरे आहेत ना?" त्याच्या हॉर्नला नावं ठेवणाऱ्या माणसाची त्याला आठवण यावी, याचं मला नवल वाटलं. मी म्हटलं, "बरे होतील."

श्वेता मात्र दर शनिवारी येतच राहिली. शिकवणी नाही म्हटलं तरी यायची, ओढणी कमरेला खोचून माती कालवायची. "काका, हे किडे कसे काढून राहिले तुम्ही? हातानं?" "मग काय गाऊन काढू?" हे म्हणायचे. तेवढंच काय ते हसू.

दसऱ्याला आयुधपूजा. दर वर्षी पेटी पाटावर बसते, तिला हळदकुंकू लागतं. आमच्या गल्लीत लोक स्कूटर, गाड्या, मिक्सर सगळं पुजतात. यंदा मी पाट मांडला, तर यांनी त्यावर झारी आणि खुरपं आणून ठेवलं. "सध्या माझी आयुधं ही," म्हणाले. गच्चीवरच्या झेंडूची एक माळ झारीला घातली. दुसरी, ते अंघोळीला गेल्यावर, कुलूप लावलेल्या पेटीच्या खोक्यावर ठेवली. अंघोळ करून आले, माळ बघितली, आणि तीही त्यांनी काढली नाही.

त्याच सुमाराला एक दिवस मी विचारलं, "किती?" तर लगेच उत्तर आलं नाही. मान वाकडी करून ऐकत राहिले. "दोनच. पण जवळ आलेत."

"जवळ म्हणजे?"

"म्हणजे परवापर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते, आता बोलतात."

मी एवढी खूश झाले की कळशी पायावर सांडली. पण ते म्हणाले, उगाच आशा लावून घेऊ नकोस. त्यांनी लावून घेतली होती, ते मला दिसत होतं. रोज माझ्याआधी गच्चीवर असायचे.

दिवाळी आली आणि गेली. डॉक्टरांनी तपासलं, सुधारणा आहे म्हणाले, पुढचं नक्की सांगता येत नाही म्हणाले. मग बेंगळूरची ती बोचरी थंडी पडायला लागली, आणि अवऱ्याला वास आला. थंडीत त्या शेंगांवर तेलकट चिकट थर येतो, हाताला लागला की दिवसभर वास जात नाही. बाजारात माणसं शेंग नाकाला लावून विकत घेतात ती यासाठीच. हे शेंगा तोडत होते, मी कळशी लावली. डोळे मिटायचं ते विसरले होते, शेंगा तोडतच होते. कळशी चढत चढत काठाशी आली.

"किती?" मी सवयीनं विचारलं.

त्यांचा हात थांबला.

"ओत."

"अहो, भरलीये."

"ओत म्हणतो ना! परत भर."

मी भरलेली कळशी दोडक्याच्या बुडाशी रिकामी केली आणि परत लावली. या वेळी त्यांनी डोळे मिटले. उजव्या कानात बोट घातलं, काढलं, घातलं, काढलं. पाणी तळाशी खदखदलं, पोटात घुमलं, गळ्याशी आलं, आणि सांडलं.

"एक," ते म्हणाले. "भाग्या, एकच आहे गं."

माझा जीव भांड्यात पडला. मी पदर तोंडाला लावून तिथेच ओल्या फरशीवर बसले. नळ वाहत होता, कुणी बंद केला नाही.

पण खरी परीक्षा खाली होती, ते दोघांनाही ठाऊक होतं. तो शनिवार होता, श्वेता आली तशी तिलाही बसवलं. यांनी खोक्यावरची वाळलेली माळ बाजूला ठेवली, कुलूप काढलं. अवऱ्याचा वास लागलेली बोटं पट्ट्यांवर ठेवली, पण भाता मारेनात. भ्यालेले होते. शेवटी मीच पुढे झाले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्या पेटीचा भाता माझ्या हातानं मारला. त्यांनी सा दाबला.

देवा! काय वाजलं ते! दोन जिभा एकमेकींच्या उरावर बसून कचाकचा भांडत होत्या. श्वेतानं डोळे घट्ट मिटले. मी यांच्या तोंडाकडे बघत होते, दुसरीकडे कुठेच नाही. श्रावणात हाच आवाज ऐकून "आता जरा बरी झाली" म्हणणारा माणूस होता तो.

त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. भुवया कपाळात गेल्या. "हे काय आहे?" ते ओरडले. "कोणत्या गाढवानं घासलंय हे?"

"तुम्हीच काका," श्वेता म्हणाली, आणि घाबरून जीभ चावली.

त्यांनी तिच्याकडे वळून बघितलं. मग हसायला लागले. खो खो हसले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसत होते. "भयंकर! भयंकर बेसूर! सगळी दुसऱ्या बाजूनं घासून आणावी लागणार, जाईल अख्खा महिना." त्यांनी कानस काढायला खोक्यात हात घातला, दुसऱ्या हाताचं बोट पट्टीवर तसंच दाबलेलं. "बंद कर गं भाता! कान फुटतील माझे!"

मी बंद केला नाही. होता नव्हता तेवढा जोर लावून भाता मारत राहिले.