मुंगीमहाराजांचा परळ

लघवीपुढे हात जोडून बसलेली माणसं मी अकोल्यात पाहिली. एकदोन नव्हेत, शे-दीडशे. जठारपेठेबाहेर एका मळ्यात, चिंचेच्या सावलीत तट्ट्याचा आडोसा उभारलेला. आडोशापुढे जमिनीवर परळ, म्हणजे मातीची उथळ थाळी, त्यात रोग्याची लघवी, आणि मुंग्या येतात की नाही हे बघायला भोवती श्वास रोखून बसलेले भक्त.

"मधुमेहाच्या लघवीले मुंगी लागते, हे तुमच्या आजीलेबी ठावं होतं!" मुंगीमहाराज गर्जत. एवढं खरंच होतं, आणि माझा संताप तिथंच सुरू होई. निव्वळ खोट्याला कोणी भुलत नाही. त्यात चिमूटभर खरं घालावं लागतं. "डाक्टर तुम्हाले भेव दाखवते. मुंगी दाखवते काय? मुंगीले ना लाच, ना लालूच!"

मुंगीला लालूच नाही, हे ऐकून त्या गर्दीतला एकही माणूस हसला नाही.

महाराजांचा उपचार एकेचाळीस दिवसांचा. सुई बंद, पथ्य बंद. रोज अंगारा, वर वाटीभर शिरा आणि उसाच्या रसाचा पेला. पहिल्या दिवशी परळाला मुंग्यांची रांग लागे. एकेचाळिसाव्या दिवशी 'मंत्रलेला' परळ येई आणि एक मुंगी फिरकत नसे. शिवाय जिनिंगच्या कारखान्यातून कापूस तोलायचा काटा आणून रोग्याला त्यावर बसवत. शिरा खाऊन माणूस वाळतो, याहून मोठा चमत्कार कोणता?

चंद्रभान माळी माझा रोगी. संत्र्यांची बाग, भाजीचा मळा, आणि पोट एवढं की वाफ्यात वाकता येत नसे. पायाची जखम चिघळली म्हणून माझ्याकडे आला तेव्हा त्याचा मधुमेह फार पुढे गेला होता. इन्सुलिन तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात नवीनच. मुंबईहून बाटली यायची आणि उन्हाळ्यात ती ओल्या रेतीत रोवलेल्या मडक्यात जपावी लागायची. सकाळ-संध्याकाळ सुई, मोजून भाकरी, भरपूर पालेभाजी, गूळ बंद, आणि रोज बागेला चार फेऱ्या. तीन महिन्यांत जखम भरली. वजन हळूहळू उतरू लागलं.

मग एके दिवशी त्यानं विचारलं, "डाक्टर, हे सुई किती दिवस?"

दवाखान्यात गर्दी होती, माझं डोकं तापलेलं होतं. मी म्हणालो, "मरेपर्यंत."

तो पुन्हा आला नाही. एकेचाळीस दिवसांत बरं करणारा माणूस त्याला भेटला होता. मी निरोप पाठवले, स्वतः जाऊन भांडलो, त्याला मूर्ख म्हणालो. त्यानं नुसते हात जोडले.

एका सकाळी त्याची बायको तानुबाई धापा टाकत दवाखान्यात आली.

"आज त्यायचा एकेचाळिसावा दिवस हाय. पण रातपासून पोट दुखते, ओकाऱ्या होऊन राह्यल्या. अन् तोंडाले फळासारखा वास येते. महाराज म्हणते, अमृताचा वास सुटला."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मी माळीण हाय, डाक्टर. पिकल्या फळाचा वास कोणता अन् नासल्याचा कोणता, मले समजते. हा नासल्या संत्र्याचा हाय."

मी बॅग उचलली. इन्सुलिनवाचून शरीराला साखर वापरता येत नाही. साखर लघवीतून वाहून जाते आणि शरीर आपलीच चरबी, आपलंच मांस जाळत सुटतं. म्हणून माणूस वाळतो, म्हणूनच तोंडाला तो वास येतो. त्यानंतर येते ती बेशुद्धी, आणि तीतून परतणारे थोडे.

आम्ही पोचलो तेव्हा चंद्रभानला काट्यावरून उतरवत होते. "अठरा शेर उतरला!" कोणीतरी ओरडलं. जयजयकार झाला. चंद्रभानचे ओठ कोरडे पडले होते, श्वास खोल आणि जोरात चालला होता. आडोशापुढे त्याचा परळ मांडलेला. उदाच्या धुरानं डोळे चुरचुरत होते. मुंगी एकही नव्हती.

"याला आत्ता दवाखान्यात न्यायचं," मी म्हणालो.

"मुंगीनं निकाल देल्ला, डाक्टर! आता तुमचं काय काम?" महाराज हसले. गर्दीही हसली. दोघातिघांनी माझी वाट अडवली. मी ओरडत होतो, साखर, रक्त, विष, आणि माझं शास्त्र त्या उदाच्या धुरात विरून जात होतं.

तानुबाई ओरडली नाही. तिनं प्रसादाच्या ताटाशेजारचा दुसरा मंत्रलेला परळ उचलला. तो कोरा होता. त्यात ताटातला गुळाचा खडा ठेवला आणि तो सरळ मुंग्यांच्या वारुळाशी नेऊन टेकवला.

लोक पाहू लागले. मुंग्या आल्या, परळाच्या काठापर्यंत चढल्या आणि माघारी वळल्या.

"काहून वो महाराज?" तानुबाईनं विचारलं. "गुळाचा मधुमेहबी बरा झाला काय?"

आता मात्र पाचपन्नास माणसं हसली. तिनं परळ नाकाशी नेला. "उदानं झाकलं तरी वास जात नाई. निंबोळीचं तेल हाय हे. आमी रोपायले लावतो, मुंग्या चढू नये म्हून." मग तिनं नवऱ्याचा परळ उचलून लघवी साध्या मातीवर ओतली. मुंग्यांची रांग लागायला वेळ लागला नाही.

मी बॅगेतली काचेची नळी काढली. निळ्या औषधात परळातल्या उरलेल्या लघवीचे आठ थेंब टाकले आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरली. साखर नसती तर औषध निळंच राहिलं असतं. ते हिरवं झालं, पिवळं झालं, आणि शेवटी विटेसारखं लाल.

महाराज तोवर आडोशाआड गेले होते. नंतर ते कोणाला दिसले नाहीत. सगळे शुद्धीवर आले असं मात्र समजू नका. एक म्हातारा मलाच म्हणाला, "तुमी देवमाणसाची परीक्षा पाह्यली, म्हून शक्ती गेली." मला त्याला गदगदा हलवावंसं वाटलं. पण चंद्रभान तेवढ्यात बाजूला कलंडला. आम्ही त्याला बैलगाडीत घातलं.

दोन दिवस तो बेशुद्ध होता. सुया आणि शिरेतून मिठाचं पाणी देत मी बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी त्यानं डोळे उघडले, पाणी प्यायला, आणि तेच विचारलं, "सुई किती दिवस, डाक्टर?"

माझी जीभ पुन्हा कडवट झाली होती. पण तानुबाई आधी बोलली.

"अवो, बागेले पाणी किती दिवस देता?"

त्यानं मान तिच्याकडे वळवली.

"एकदा मंतर मारून पाणी देल्लं अन् जलमभर संत्री आली, अशी बाग पाह्यली काय कोठी? रोज मोट हाकता, तवा तुमाले कटाळा नाई येत. आंगाचंच काहून जड होते?"

जे मला तीन महिन्यांत सांगता आलं नाही, ते तिनं खाटेशी उभं राहून सांगितलं. चंद्रभाननं दंड पुढे केला.

वाचकहो, शरीर एकेचाळीस दिवसांच्या बोलीवर चालत नाही. भाकरी मोजा, फेऱ्या मारा, डॉक्टरनं दिलेलं औषध सोडू नका, आणि कंटाळा आला तर डॉक्टरशी भांडा. त्यानं माझ्यासारखं तुसडं उत्तर दिलं तर पुन्हा भांडा. आणि कुठं चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी त्यात गुळाचा एक खडा टाकून पाहा.

चंद्रभान आता निळ्या औषधाची नळी स्वतःच दिव्यावर धरतो. काल ती किंचित हिरवी झाली, तेव्हा तो बागेकडे निघाला, आणि त्या दिवशी चाराऐवजी सहा फेऱ्या मारून आला.